मदत हवी आहे: सिएरा नेवाडा पेल एलसारखी बीअर घरी करतोय, पण औषधी वास येतोय

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, मंगळवार पेठेत राहतो. कामानिमित्त दोन वर्षं अमेरिकेत सॅक्रामेंटोला होतो, तिथं या बीअरची गोडी लागली. ती जिथं बनते ते चिको गाव तिथून दीड तासावर, त्यामुळे कारखानाही बघून आलो. तो काढणारा केन ग्रॉसमन आधी त्याच गावात घरी बीअर करणाऱ्यांना सामान विकायचा. १९८० साली पेल एल सुरू केली तेव्हा मनासारखी चव लागेपर्यंत सुरुवातीच्या बॅच त्यानं ओतून दिल्या. मीही आता तिसरी बॅच ओतायच्या बेतात आहे, म्हणून विचारतोय.

कृती सांगतो. २० लिटरला साडेचार किलो पेल माल्ट (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव) आणि ४५० ग्रॅम क्रिस्टल माल्ट. गिरणीवाला ओळखीचा आहे, तो जाडसर भरडून देतो. साल अख्खी राहिली पाहिजे हे त्याला आता सांगावं लागत नाही. ६७ अंशाला तासभर भिजवतो, कापडी पिशवी उचलून निथळतो, मग तासभर उकळी. कडवटपणासाठी सुरुवातीला मॅग्नम हॉप्स (हॉप्स म्हणजे बीअरला कडवटपणा आणि वास देणारी वेलीची फुलं), शेवटच्या दहा मिनिटांत कॅस्केड जातीचे हॉप्स, आणि गॅस बंद केल्यावर पुन्हा कॅस्केड. यीस्ट यूएस-०५, म्हणजे मूळ चिकोचंच वाण म्हणतात ते. आंबल्यावर घनता १.०५२ वरून १.०११ वर येते, म्हणजे साधारण ५.४ टक्के अल्कोहोल. मूळ बीअर ५.६ टक्क्यांची आहे, तेव्हा तिथं फारसं चुकत नसावं. बाटलीत भरताना सगळ्या बॅचला मिळून १२० ग्रॅम साखर. गूळ घाल असं घरचे म्हणतात, पण मला हवी ती चव गुळाची नाही.

रंग जमलाय, फेस टिकतो, कडवटपणाही बरोबर वाटतो. घोळ वासाचा आहे. कॅस्केडचा वास म्हणजे पपनस सोलताना सालीचा जो बारीक फवारा उडतो ना, अगदी तो. डिसेंबरच्या पहिल्या बॅचला तो आला होता. बाटली उघडली आणि मी क्षणभर गप्पच झालो, इतकं जुळलं होतं. एप्रिलच्या बॅचला मात्र जखमेवरच्या पट्टीसारखा वास आला. खोलीत ३३ अंश होते, म्हणून मी उन्हाळ्याला दोष दिला. जुलैत बीअर आंबायचं पिंप पाण्याच्या टबात ठेवलं, वर ओलं गोणपाट, दिवसातून दोनदा बर्फाच्या बाटल्या, आणि २० अंशाच्या वर जाऊ दिलं नाही. तरी तोच वास, उलट जास्तच.

माल्ट, हॉप्स, यीस्ट तिन्ही वेळा एकाच ठिकाणचं. पातेलंही तेच, लक्ष्मीपुरीतून घेतलेलं. फरक एवढाच की डिसेंबरात त्या दिवशी गल्लीत पाणी आलं नव्हतं, मेव्हण्यानं मळ्यातल्या विहिरीचं पाणी कॅन भरून आणून दिलं होतं. हॉप्स जुने झाले असतील का? की यीस्ट?

प्रतिसाद:
भावा, उत्तर तूच शेवटी लिहिलंयस. पाणी! नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, पावसाळ्यात तर वासही येतो. माल्टच्या सालीतल्या फिनॉल नावाच्या द्रव्याशी त्याचा संयोग झाला की क्लोरोफिनॉल तयार होतं, तोच हा पट्टीसारखा वास. ते इतकं तीव्र की नखभर असलं तरी नाकाला कळतं. तू नंतर तासभर उकळतोस खरा, पण तोवर माल्ट त्याच पाण्यात तासभर भिजलेला असतो.

घरी स्क्वॉश करताना टिकण्यासाठी घालतात ते केएमएस, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, आण. २५ लिटर पाण्याला पाव ग्रॅमही नको, अगदी छोटी चिमूट, ढवळ आणि दहा मिनिटं थांब. मग माल्ट घाल. आणि बाटल्या कशानं धुतोस? ब्लीचिंग पावडर वापरत असशील तर आजच बंद कर. वास लवंगेसारखा असता तर दुसरं कुठलंतरी यीस्ट शिरलं म्हटलं असतं, पण पट्टीसारखा म्हणतोस म्हणजे क्लोरीनच.

धागाकर्ता:
दादा, बाटल्या ब्लीचिंगच्या पाण्यानंच धुतो आणि वरून नळाच्या पाण्यानं विसळतो. आणि मी उगाच हॉप्सवर संशय घेत बसलो. शनिवारी पाच-पाच लिटरची दोन पातेली लावतो, दोन्हीत नळाचंच पाणी, केएमएस एकातच. बाटल्या या वेळी नुसत्या उकळत्या पाण्यातून काढतो. महिन्याभरानं दोन्ही शेजारी ठेवून वास घेतो आणि इथंच लिहितो.