अनुभव धागा : आँब्वाझ, लुआर नदीकाठचे एक गाव

फ्रान्समधील लुआर नदीच्या खोऱ्यातील राजवाड्यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु राजवाड्याच्या पायथ्याशी वसलेल्या गावाविषयी फारसे कोणी लिहीत नाही. आँब्वाझला जाऊन आलेल्यांनी स्वतः पाहिलेले येथे लिहावे, ही विनंती. सुरुवात मीच करते.

नोकरीनिमित्त तूर शहरात राहत असताना मी तेथे अनेकदा गेले. रेल्वे स्थानक नदीच्या उत्तर तीरावर आणि जुने गाव दक्षिण तीरावर असल्याने पाहुण्याला पूल ओलांडावाच लागतो. पूल मधल्या बेटावर टेकून पुढे जातो. तेथून कड्यावरचा राजवाडा, त्याखालची पांढऱ्या भिंतींची आणि काळ्या पाटीदगडाच्या छपरांची घरे असे सारे एका नजरेत येते. उन्हाळ्यात लुआर इतकी आटते की वाळूचे पट्टे उघडे पडतात, पण वाळू सरकती आणि प्रवाह फसवा असल्यामुळे नदीत उतरण्यास मनाई आहे. हिवाळ्यात हीच नदी गढूळ होऊन काठोकाठ वाहते, तेव्हा काठाने बांध का घातले आहेत ते विचारावे लागत नाही.

•

मीही आँब्वाझला जाऊन आलो आहे. व्यवसायाने मी वास्तुरचनाकार असल्याने माझे लक्ष दगडाकडे गेले. 'तुफो' नावाचा हा पांढरा चुनखडक इतका मऊ असतो की आपल्या जांभ्याची आठवण यावी. बांधकामासाठी डोंगरातून दगड काढला गेला आणि मागे राहिलेल्या पोकळ्यांत लोकांनी घरे केली, द्राक्षमद्याची तळघरे केली. कड्यात कोरलेल्या घराला दार, खिडकी आणि वर डोंगरातून निघालेले धुराडे पाहून मी बराच वेळ तेथेच उभा होतो. राजवाड्याच्या मिनिम बुरुजात जिन्याऐवजी रुंद चक्राकार चढण आहे, कारण घोडेस्वार आणि गाड्या थेट वरच्या अंगणापर्यंत न्यायच्या होत्या. इतिहास ठाऊक नसला तरी ही एक वास्तू त्या काळचा रुबाब समजावून देते. फ्रान्सच्या ज्या आठव्या शार्ल राजाने हा राजवाडा वाढवला, तोच १४९८ मध्ये येथील एका बुटक्या दाराच्या चौकटीवर डोके आपटून मरण पावला. परतताना प्रत्येक दारात मी विनाकारण वाकत होतो!

•

आमच्या सहल कंपनीने आँब्वाझसाठी केवळ अर्धा दिवस ठेवला होता आणि त्यातला निम्मा वेळ वाहनतळावर गेला. तरीही क्लो ल्यूसे ही लिओनार्दोची हवेली पाहता आली. फ्रान्सचा राजा फ्रान्स्वा पहिला याच्या निमंत्रणावरून १५१६ मध्ये लिओनार्दो दा विंची येथे आला आणि २ मे १५१९ रोजी येथेच वारला. त्याला राजवाड्याच्या आवारातील सां-फ्लोरांतां चर्चमध्ये पुरले होते. ते चर्च एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पाडले गेले आणि १८६३ मध्ये त्या जागी खणताना सापडलेली, त्याचीच मानली जाणारी हाडे आता सां-ह्यूबेर प्रार्थनागृहात आहेत. 'मानली जाणारी' हा शब्द आमच्या गटातील बहुतेकांनी ऐकलाच नाही, कारण सगळे छायाचित्रांत गुंतले होते.

•

वरील अनुभवांत एक गोष्ट राहिली आहे. मी तूरला शिकत असताना एका अल्जीरियन मैत्रिणीबरोबर गेले होते आणि ती लिओनार्दोसाठी मुळीच आली नव्हती. फ्रेंचांविरुद्ध लढलेला अल्जीरियाचा नेता अमीर अब्द अल-कादिर १८४८ ते १८५२ या काळात आपल्या परिवारासह याच राजवाड्यात कैदेत होता. कैदेत मरण पावलेल्या त्याच्या माणसांच्या कबरी बागेत आहेत आणि २००५ मध्ये तेथे स्मारकशिला बसवण्यात आल्या. मैत्रीण त्यांच्यामधून अगदी सावकाश चालत होती. नदीवरचा वारा, सुंदर हिरवळ आणि शिलांची ती रांग यांची सांगड मला आजही घालता आलेली नाही.

•

धागाकर्तीस विनंती : शांतलूचा पॅगोडाही या धाग्यात जोडावा. गावाच्या दक्षिणेला, सायकलने सहज जाता येईल इतक्या अंतरावर ४४ मीटर उंचीचा हा सात मजली मनोरा आहे. हद्दपारीच्या काळात आपल्याला विसरले नाहीत त्या मित्रांच्या स्मरणार्थ श्वाझल या माजी मंत्र्याने १७७५ ते १७७८ च्या दरम्यान तो बांधवला. त्याचा मूळ प्रासाद १८२३ मध्ये पाडला गेला, मनोरा तेवढा उरला. वर जाताना प्रत्येक मजला आकसत जातो. शेवटचा जिना अरुंद आहे, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनी तळ्याकाठी बसून राहिलेले बरे.