रेल्वे फाटक ओलांडताना: तुमचे अनुभव सांगा

सोमवारी सकाळी लासलगावहून नाशिकला येताना माझी गाडी फाटकात अडकली. पुढे कांद्याचा ट्रॅक्टर होता. तो हलला तसा मीही मागोमाग आत शिरलो. पलीकडे समोरून येणाऱ्यांनी रस्ताभर दोन रांगा लावलेल्या. ट्रॅक्टरला पुढे जागा नाही, मला मागे नाही, आणि मागची चाकं रुळांवर. बायको अगदी शांतपणे म्हणाली, "मी पोराला घेऊन उतरते." तिच्या त्या शांत आवाजानेच मला घाम फुटला.

गेटमन धावत आला, समोरच्या मोटारसायकली मागे घ्यायला लावल्या आणि ट्रॅक्टरला वाट करून दिली. रेल्वे काही आली नाही. नंतर तो म्हणाला की या फाटकाचे दांडे पडून कुलूप लागल्याशिवाय गाडीला सिग्नलच मिळत नाही. "पण सगळीच फाटकं अशी नसतात, साहेब."

आता पलीकडे माझ्या गाडीपुरती मोकळी जागा दिसल्याशिवाय मी आत चाक घालत नाही. मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देत.

इगतपुरीपासून मनमाडपर्यंतचे कुठलेही अनुभव लिहा. फक्त इतरांना शिव्या नकोत, स्वतःवर बेतलेलं सांगा.

पिकअपवाला, निफाड
द्राक्षाचा सीझन, गाडीत क्रेट, रात्रीत मुंबई गाठायची होती. फाटक पडलेलं. शेजारच्या मोटारसायकलवाल्याने गाडी तिरकी करून दांड्याखालून आत घातली. मुंबईकडची गाडी गेली तसा हा निघाला. आपल्याकडे लाइन डबल आहे हे विसरला. पहिल्या गाडीच्या शेपटाआडून मनमाडकडे जाणारी दुसरी आली. आवाज पहिलीचाच वाटत होता, मलाही. तो दचकून मागे कोसळला, मोटारसायकल त्याच्या पायावर पडली, म्हणून वाचला. उठून आधी पाणी मागितलं. खरं सांगायचं तर मीसुद्धा पहिली गाडी गेली की इंजिन चालू करून गिअर टाकून बसायचो. आता दांडा पूर्ण वर जाईपर्यंत चावीला हात लावत नाही.

गेटमनची मुलगी, नाशिकरोड
वडील तीस वर्षं फाटकावर होते. लोकांना वाटतं गेटमन मुद्दाम ताटकळत ठेवतो. एका रात्री उसाची ट्रॉली रुळांवर मोडली. त्यांनी आधी स्टेशनला फोन केला, मग लाल दिवा आणि फटाके घेऊन रुळांवरून पळत सुटले. फटाके म्हणजे चाकाखाली फुटून ड्रायव्हरला सावध करणारे. एक ६०० मीटरवर, पुढे १२०० मीटरवर १०-१० मीटर अंतराने तीन. वेगातल्या गाडीला थांबायला एक किलोमीटरही कमी पडतो, म्हणून इतक्या लांब. ट्रॉलीचा मालक मात्र ऊस उतरवत बसला होता! तेव्हा गाडी बंद पडली तर आधी माणसं उतरवा, मग गेटमनला सांगा. मालाचं नंतर बघा.

आणि दांडा तोडून जाणाऱ्यांसाठी: रेल्वे कायदा १९८९, कलम १६०, पाच वर्षांपर्यंत कैद.

निवृत्त एसटी ड्रायव्हर, येवला
आमच्या वेळी बिनगेटमनची फाटकं बरीच होती. बस थांबवायची, कंडक्टरने उतरून रुळांपर्यंत जायचं, दोन्हीकडे बघायचं, मग हात करायचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३१ मध्येच आहे ते. कंडक्टर नसेल तर ड्रायव्हरने स्वतः उतरायचं. एकदा धुक्यात कंडक्टर मला दिसेचना, नुसती शिट्टी ऐकू आली. ती 'ये'ची की 'थांब'ची? मीच खाली उतरलो. प्रवाशांनी कुरकुर केली. २०१९ पर्यंत ब्रॉडगेजवरची तसली फाटकं बंद झाली. तरी नातवाच्या गाडीत बसलो की फाटकाआधी गाणी बंद, काचा खाली. नातू हसतो.

नवी ड्रायव्हर, देवळाली
लायसन्स मिळून आठवडा झाला होता. रुळांवर सेकंड टाकायला गेले आणि गाडी बंद! मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ. न्यूट्रल, स्टार्ट, फर्स्ट, एवढं करायला अख्खा जन्म गेल्यासारखं वाटलं. क्लासच्या सरांनी शंभरदा सांगितलं होतं की अलीकडेच फर्स्ट टाक, पलीकडे जाईपर्यंत गिअरला हात नको.

कडब्याचा ट्रक, सिन्नर
फाटकाआधी जी लोखंडी कमान असते ना, ती ४.६७ मीटर उंचीवर. मी दोरखंड सैल सोडून माल अंमळ फुगू दिला होता आणि वर दोन मजूर बसलेले. कमानीला पेंढ्या घासल्या तेव्हा शिव्या घातल्या. चहाच्या टपरीवरचे बाबा म्हणाले, "कमान लागली ते बरं. पुढच्या तारेत २५ हजार व्होल्ट आहेत." मजूर स्वतःहूनच खाली उतरले.

वाचक, ओझर
आमच्याकडे फाटक काढून भुयारी मार्ग केला. पावसाळ्यात गुडघाभर पाणी. मग लोक मोटारसायकली उचलून वरून रूळ ओलांडतात. मीही ओलांडलेत, दोनदा.