पाकिटावर नाव नको, आत मात्र हवंच

‘तक्रार ईमेलने केंद्रीय दक्षता आयोगाला पाठवा आणि प्रत खात्याच्या सचिवांना’, असा सल्ला भ्रष्टाचाराची तक्रार गुपचूप करू पाहणाऱ्यांना दिला जातो. कृपया असं करू नका. तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवण्यासाठी केंद्र सरकारचा ‘पिडपी’ (PIDPI) ठराव आहे. ईमेल त्याखाली धरलाच जात नाही, आणि तक्रार इतरत्रही पाठवली की गोपनीयतेचं संरक्षण उरत नाही.

महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार पत्राने कळवणारे अभियंते सत्येंद्र दुबे यांनी नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली होती. तरी त्यांचं पत्र नावासकट टेबलांवरून फिरलं. नोव्हेंबर २००३मध्ये गयेत त्यांची हत्या झाली, त्यानंतर २००४चा हा ठराव आला.

पाकीट चिकटवून बंद करा, त्यावर ‘पिडपी’ ठळक लिहा, पत्ता आयोगाच्या सचिवांचा. पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता पाकिटावर नको. अशा टपालासाठी पोस्टाने तो आग्रह धरू नये, असे आदेश आहेत. आत मात्र नाव हवंच, निनावी तक्रार घेत नाहीत. ते पत्राच्या सुरुवातीला किंवा शेवटी लिहा, म्हणजे आयोगाला तो भाग झाकता येतो.

खरी गफलत मजकुरात होते. ‘मी हरकत घेतली तेव्हा’ एवढ्या चार शब्दांत माणूस ओळखू येतो. झेरॉक्सच्या समासात तुमचं अक्षर असेल, किंवा माहिती अधिकारात तुमच्याच नावे मिळालेला कागद जोडला असेल, तरी तेच.

ही सोय केंद्र सरकार आणि त्याच्या उपक्रमांपुरतीच. महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्याविरुद्धची तक्रार यात बसत नाही. २०१४चा जागल्या (व्हिसलब्लोअर) संरक्षण कायदा संसदेने केला, पण लागू केलेला नाही, त्यावर विसंबू नका.