डिप्लोमानंतर थेट दुसरं वर्ष, एम-३ (इंजिनिअरिंगचं तिसरं गणित) डोक्यावरून जातंय

रत्नागिरीला डिप्लोमा केला, आता मुंबईत इंजिनिअरिंगला डायरेक्ट सेकंड इयर. माझी अ‍ॅडमिशन होईपर्यंत इथे बरंच शिकवून झालेलं. सर एम-३मधलं लाप्लास ट्रान्सफॉर्म शिकवताना ‘हे एम-१ला झालंय’ म्हणत फळा पुसतात. अहो, पहिलं वर्षच केलं नाही, माझं एम-१ झालंच नाही! (वर्कशॉपमध्ये लेथ मशीनवर मात्र सगळे मलाच हाक मारतात.) डोंबिवली लोकलमध्ये वही उघडायचीही सोय नाही. काय करू?

— मीही डिप्लोमावालाच. आधी पार्शल फ्रॅक्शन (मोठा अपूर्णांक ए, बी, सी घेऊन छोट्या अपूर्णांकांत फोडणं) आणि इंटिग्रेशन बाय पार्ट्स घोटून घे. इन्व्हर्स लाप्लासचं घोडं तिथेच अडतं.

— लेथ शिकव, बदल्यात गणित शिकून घे. आम्ही कॅन्टीनमध्ये हेच केलं.

— मीच, प्रश्न विचारणारा. काल रात्री पार्शल फ्रॅक्शन घेऊन बसलो. ए, बी आले. सी चुकला.