कामावर पाठ धरली, विमा कंपनीचा डॉक्टर म्हणतो काही नाही

गोडाऊनमध्ये खोकं उचलताना पाठीत लचक भरली, तेव्हापासून डाव्या पायात अंगठ्यापर्यंत कळ जाते, भरपाईचा क्लेम टाकलाय पण विमा कंपनीच्या डॉक्टरने जेमतेम हात लावून बघितलं आणि लिहिलं कामाला फिट. इथे रात्री कूस बदलता येत नाही हो. काय करू?

उत्तर : तो डॉक्टर तपासून रिपोर्ट देणारा, बरं करणारा नाही, मनाला लावून घेऊ नका. तुमच्या डॉक्टरच्या कागदावर मात्र सगळं यायला हवं. नुसतं 'खूप दुखतं' याला काही किंमत नसते, 'मोजे घालायला वाकता येत नाही, थोडं बसलं की पाय बधिर होतो' असं सांगा. आणि दुखणं शून्य ते दहापैकी किती असं विचारलं की सरसकट दहा ठोकू नका, समोर शांत बसून दहा म्हटलेलं कोणाला पटतं?

उत्तर : एमआरआयवर फार भिस्त नको. मणक्यातली सरकलेली चकती न दुखणाऱ्यांतही दिसते, विमावाले तेच धरतात की हे वयाचं. पाय सरळ उचलायची टेस्ट, पायाच्या अंगठ्याची ताकद हे तुमच्या डॉक्टरच्या रिपोर्टमध्ये लिहून घ्या. जुनं दुखणं लपवू नका, रेकॉर्ड निघतंच.

जुनं आहे थोडं, पण पायात कळ नव्हती.

उत्तर : मग नेमकं हेच सांगा ना! फिटच्या रिपोर्टवर लेखी हरकत घ्या, मुदत किती ते आजच विचारा. आणि लघवीवरचा ताबा गेला तर क्लेम बिम सोडून आधी इमर्जन्सी गाठा.