लोहाची गोळी चालू, तरी हिमोग्लोबिन ९.४ वरच

प्रश्न: वहिनींना सहावा महिना चालू आहे. सरकारी दवाखान्यातली लाल गोळी रोज जेवणानंतर घेतात, सोबतच कॅल्शियम, मग चहा. महिना झाला, आकडा हलत नाही. गोळी बदलावी का?

उत्तर १: गोळी बदलण्याआधी वेळ बदला. कॅल्शियम आणि चहा दोन्ही लोह शोषू देत नाहीत. लोह जेवणाआधी तासभर, लिंबूपाण्याबरोबर. कॅल्शियम दुसऱ्या वेळच्या जेवणासोबत, मध्ये किमान दोन तास. मळमळलं तर रात्री झोपताना घ्या. शौचाला काळं होणारच, घाबरू नका.

उत्तर २: त्या गोळीत ६० मिग्रॅ लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं. ती हिमोग्लोबिन ११ च्या वर असणाऱ्यांसाठी रोज एक. ७ ते १०.९ मध्ये साधारण दोन देतात, पण ते डॉक्टरांना विचारूनच. नीट घेतल्यावर महिन्यात १ ग्रॅमसुद्धा वाढलं नाही, तर शिरेतून लोह द्यायचा विचार होतो. ७ च्या खाली थेट रुग्णालय.

उत्तर ३: फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) केलंय का? ३० च्या खाली म्हणजे साठाच रिकामा. फेरिटिन चांगलं आणि एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) कमी असेल, तर थॅलेसेमिया मायनरची (आनुवंशिक रक्तदोषाचा सौम्य प्रकार) तपासणी आधी. बीट-डाळिंबावर मात्र विसंबू नका, त्यात लोह फारच थोडं.