टॅली आहे, मग लिनक्स टाकू का?

वैशाली वहिनी, ए-२०३: विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. आमचं मशीन आय३, सातवी जनरेशन, ४ जीबी रॅम, साधी हार्डडिस्क. राजारामपुरीतला दुकानदार म्हणतो नवीनच घ्या, पोरगा म्हणतो विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट सिस्टीम टाकू. कुणाला माहिती आहे का?

सुहास, सी-१०१: विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या जनरेशनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं, म्हणून नाकारतंय. मशीन चांगलंच आहे. पण वहिनी, बदलायचं कशासाठी? स्लो आहे म्हणून असेल तर आधी हार्डडिस्कऐवजी एसएसडी ही वेगवान डिस्क बसवा आणि रॅम ८ जीबी करा. दहा टॅब उघडले की क्रोम लिनक्समध्येही तेवढीच रॅम खातं.

वैशाली वहिनी: अपडेट नाहीत म्हणून बँकेचं काम करायची भीती वाटते. बाकी पोराचा अभ्यास, लाईट बिल, आणि ह्यांच्या दुकानाच्या हिशोबाचं टॅली.

देशपांडे काका, बी-४०२: टॅली म्हटल्यावर विंडोज पुसू नका! ते लिनक्सवर थेट चालत नाही. वाईन नावाच्या प्रोग्राममधून उघडतं म्हणतात, पण मार्च एंडला अडकलं तर दाद कुणाकडे मागणार?

सुहास: काकांचं बरोबर. दोन्ही ठेवा. मिंट २२ या लिनक्सची एक्सएफसीई आवृत्ती घ्या, हलकी आहे आणि २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. फाइल साधारण ३ जीबी. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, रूफस या प्रोग्रामने त्यावर चढवा. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं हं. त्याआधी टॅलीचा डेटा बाहेरच्या डिस्कवर काढा. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून ६० जीबी जागा मोकळी करा आणि फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धं झोपलेलं राहतं. मग लिनक्समधून ती डिस्क नुसती वाचता येते, त्यावर काही सेव्ह होत नाही.

रफिकभाई, डी-३०१: आणि लगेच इन्स्टॉल करू नका की! पेनड्राइव्हवरून चालू करून आधी वायफाय, आवाज, प्रिंटर बघा. एचपीचे प्रिंटर बहुतेक लगेच लागतात. कॅननचा एलबीपी २९०० असेल तर लई डोकं खातो, त्याचा ड्रायव्हरच वेगळा लागतो.

वैशाली वहिनी: तोच आहे 😐

रफिकभाई: मग पीडीएफ करून ठेवा आणि प्रिंट विंडोजमधून काढा. मराठी टायपिंगची काळजी नको, कीबोर्ड सेटिंगमध्ये इन्स्क्रिप्टही आहे, फोनेटिकही. श्रीलिपीत टाइप केलेल्या जुन्या फाइली मात्र तो फॉन्ट नसेल तर अगम्य दिसतील.

सुहास: इन्स्टॉल करताना ‘विंडोजच्या शेजारी’ हाच पर्याय निवडा. ‘डिस्क पुसा’वर बोट गेलं की टॅली गेलं. नंतर विंडोजमधलं घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज तीच आपली वेळ समजतं. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, एक ओळ दिली की सुटतं, ती मी पाठवतो.

देशपांडे काका: बँक, मेल सगळं मिंटमधून. विंडोजमध्ये नेट फक्त टॅलीला लागेल तेवढंच.

वैशाली वहिनी: बरं. एसएसडी किती जीबीचा घेऊ?

सुहास: २५६ पुरेल. रॅम घेण्याआधी आतली डीडीआर३ की डीडीआर४ ते बघा, एकीच्या खाचेत दुसरी बसत नाही.